बंद शेडमध्ये फुटबॉल कौशल्यखेळांची फिरती स्पर्धा: आराखड्यावर मते हवी आहेत

पंचगंगातीर (धागाकर्ता)

नमस्कार. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी फाउंड्रीसाठी बांधलेली आमची एक शेड गेली चार वर्षे रिकामी पडून आहे. आतून मोजली तर ती ३० मीटर लांब आणि १८ मीटर रुंद भरते, वळचणीला साडेपाच मीटर उंची मिळते आणि मधे एकही खांब नाही. पाऊस लागला की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर शांतता पसरते, टर्फवर पाणी साचते आणि ज्या शहरात पेठेपेठेची तालीम कुस्तीइतक्याच ईर्ष्येने फुटबॉलचा संघ उतरवते, त्या शहरातली पोरे चार महिने मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. म्हणून या शेडमध्ये फुटबॉलचे एक खेळघर करण्याचे मनात आहे.

सामने खेळवायचे नाहीत. पाच-पाच जणांचे सहा संघ एकाच वेळी आत येतील, सहा कक्षांत सहा निरनिराळे खेळ मांडलेले असतील आणि प्रत्येक संघ ठरावीक वेळाने पुढच्या कक्षात सरकत सहाही खेळ पूर्ण करील. दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन कक्ष, प्रत्येक कक्ष ९ बाय साडेसहा मीटरचा, मधोमध पाच मीटरचा मोकळा पट्टा आणि उरलेली तीन मीटर जागा प्रवेश व चपलांसाठी, अशी मांडणी कागदावर बसते. खेळ असे ठरवले होते: भिंतीवर पास मारून दिवे विझवणे, शंकूंमधून ड्रिब्लिंग (चेंडू पायाशी खेळवत नेणे), पेनल्टी, फुट-टेनिस (जाळ्यावरून पायाने खेळायचे टेनिस), चेंडूचा वेग मोजणे आणि हेडिंग (डोक्याने चेंडू मारणे).

मागच्या महिन्यात एका शाळेचे सभागृह मागून घेऊन ओळखीच्या तीस जणांवर हा प्रयोग करून पाहिला. सहा मिनिटे खेळ आणि एक मिनिट बदल, म्हणजे ४२ मिनिटांत सगळे आटोपायला हवे होते. प्रत्यक्षात सव्वा तास लागला. ड्रिब्लिंगपाशी दोन संघ एकमेकांवर चढले, पेनल्टीचा गोलरक्षक म्हणून उभा केलेला भाचा चौथ्या फेरीत कमरेवर हात ठेवून नुसता बघत होता आणि माझी शिट्टी शेवटच्या तीन फेऱ्यांत कोणालाही ऐकू गेली नाही. खर्च करण्याआधी चुका समजून घ्याव्यात, म्हणून हा धागा.

हिशेबनीस

आराखडा आवडला. आपण खेळ आधी ठरवले आणि घड्याळ नंतर लावले, हे मात्र उलट झाले असे मला वाटते.

ड्रिब्लिंगचेच पाहा. एका फेरीला २५ सेकंद धरली तर सहा मिनिटांत चौदा फेऱ्या होतात. पाच जणांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला तीनसुद्धा नीट येत नाहीत. म्हणजे एकेक जण जेमतेम सव्वा मिनिट पळतो आणि पावणेपाच मिनिटे उभा राहतो. पैसे देऊन आलेला माणूस उभा राहिला की तो मोबाइल काढतो, पाण्याला जातो, शेजारच्या कक्षात डोकावतो, आणि मग त्याला गोळा करण्यात आपले बदलाचे मिनिट जाते. तुमचा एक मिनिटाचा बदल तीन मिनिटांचा झाला असणार तो यामुळेच.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘प्रत्येकाच्या तीन फेऱ्या झाल्या की खेळ संपला’ असा नियम फिरत्या मांडणीत चालतच नाही, कारण सगळ्यांत हळू खेळणारा संघ उरलेल्या पाचही संघांना अडकवून ठेवतो. खेळ वेळेवरच संपला पाहिजे, आणि त्या वेळात जितके जमेल तितके गुण. सहाही कक्षांना हाच एक नियम लावा.

सात_नंबर_जर्सी

मी स्वतः पेठेतल्या संघातून दहा वर्षे खेळलो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. समोर दुसरा संघ नसेल तर कोल्हापूरचा पोरगा दुसऱ्यांदा येणार नाही. दिवे विझवणे वगैरे पहिल्या दिवशी ठीक आहे, पण आपल्याकडे खेळ म्हणजे समोरच्याला हरवणे. सहा कक्षांऐवजी तीन कक्ष मोठे करावेत आणि प्रत्येक कक्षात दोन संघ एकमेकांविरुद्ध सोडावेत. गर्दी कमी असेल त्या दिवशी चार संघ आणि दोन कक्ष चालवता येतील.

हिशेबनीस

मुद्दा रास्त आहे, पण त्यात एक गणिती खोच आहे. चार संघ, दोन कक्ष आणि तीन फेऱ्या घ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळावे आणि कोणीही एकाच कक्षात तिन्ही वेळा अडकू नये, एवढीच अपेक्षा ठेवा. पहिल्या फेरीत अ कक्षात १ विरुद्ध २ आणि ब कक्षात ३ विरुद्ध ४ असे खेळले. दुसऱ्या फेरीत १ विरुद्ध ३ ही जोडी अ कक्षात घातली, तर १ चे अ कक्षात दोन सामने झाले आणि ४ चे ब कक्षात दोन झाले. तिसऱ्या फेरीत १ आणि ४ समोरासमोर येणारच. ते अ मध्ये खेळले तर १ अडकतो आणि ब मध्ये खेळले तर ४ अडकतो. कशीही फिरवाफिरव केली तरी कोणीतरी एक संघ तेच तेच खेळून घरी जातो. गंमत अशी की ही अडचण फक्त चार संघांपुरती आहे. सहा संघ, तीन कक्ष आणि पाच फेऱ्या असतील तर कोणीही एका कक्षात दोनपेक्षा जास्त वेळा जाणार नाही असे वेळापत्रक बसवता येते.

त्यामुळे समोरासमोरची लढत ठेवायचीच असेल तर संघ सहाच हवेत. पाच आले किंवा सातवा दारात उभा राहिला, तर सगळे वेळापत्रक कोसळते. एका कक्षात एकच संघ असेल तर पाच संघ आले तरी एक कक्ष रिकामा राहतो, बाकी काही बिघडत नाही. धंद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

ऱ्हाइनकाठचा_मराठी

नोकरीनिमित्त जर्मनीत आहे, म्हणून इथल्या दोन गोष्टी सांगतो.

बोरुसिया डॉर्टमुंडच्या सराव केंद्रात फुटबोनॉट नावाचे यंत्र आहे. बर्लिनच्या ख्रिस्टियान ग्युट्लर यांनी त्याची रचना केली. १४ बाय १४ मीटरच्या पिंजऱ्याच्या चारही भिंतींवर मिळून ७२ चौकटी आहेत, त्यांपैकी आठांतून चेंडू बाहेर फेकले जातात आणि उरलेल्या ६४ पैकी जी चौकट उजळेल तिच्यात चेंडू मारायचा असतो. लोक याची नक्कल करायला जातात आणि फसतात, कारण ते एका वेळी एका व्यावसायिक खेळाडूला घासूनपुसून घेण्यासाठी बनवलेले आहे. तिथे पाच जणांचा संघ सोडला तर चार जण काचेबाहेरच उभे राहतील. लंडनच्या ओटू संकुलात २०२१ मध्ये सुरू झालेल्या टोका सोशलमध्ये हेच तत्त्व मवाळ करून वापरले आहे: यंत्र अलगद चेंडू सोडते, पडद्यावरच्या लक्ष्यावर मारायचा, आणि बाकीची मंडळी मागे बसून खातपीत आपल्या पाळीची वाट पाहतात. तिथे वाट पाहणे हाच करमणुकीचा भाग आहे. तुमच्याकडे संघ फिरते आहेत, त्यामुळे तेही जसेच्या तसे चालणार नाही.

तुमच्या कामाची गोष्ट त्याहून जुनी आणि स्वस्त आहे. इथल्या दूरचित्रवाणीवरच्या एका क्रीडा कार्यक्रमात १९६० च्या दशकापासून ‘टोरवांड’ नावाची एक फळी वापरतात. गोलाएवढीही नसलेल्या त्या फळीला दोनच भोके असतात, एक खाली उजवीकडे आणि एक वर डावीकडे, प्रत्येकी ५५ सेंटिमीटर व्यासाची. सात मीटरवरून तीन चेंडू खालच्या आणि तीन वरच्या भोकात मारायचे. नावाजलेले खेळाडू तिथे दोन-तीनवर थांबतात आणि कधी एखादा प्रेक्षक त्यांच्या पुढे जातो. पेनल्टीच्या जागी ही फळी ठेवा.

पंचगंगातीर

ही फळी मनात भरली. पेनल्टीतली खरी अडचण आता लक्षात येते आहे. स्वतःच्याच संघातला गोलरक्षक ठेवला तर तो मुद्दाम चेंडू सोडतो. आपला माणूस ठेवला तर पहिल्या फेरीत आलेल्या संघाला ताजा गोलरक्षक भेटतो आणि सहाव्या फेरीत आलेल्याला थकलेला. शिवाय ११ मीटर अंतर आमच्या कक्षात बसत नाही. सहा मीटरवरून ताशी ६० किलोमीटरने आलेला चेंडूसुद्धा ०.३६ सेकंदात पोहोचतो, म्हणजे ११ मीटरवरून ताशी १०० किलोमीटरने मारलेल्या पेनल्टीपेक्षाही लवकर. हौशी माणसाला तिथे उभे करणे म्हणजे त्याच्या तोंडावर चेंडू मारण्यासारखेच आहे.

मैदानताई

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. वरच्या हिशेबात एक गोष्ट कोणी धरलेली दिसली नाही. सहा संघ एकाच वेळी सहा कक्षांत सुरुवात करतात, म्हणजे तुमचा प्रत्येक खेळ कोणत्या ना कोणत्या संघाचा पहिला खेळ असतो. वेग मोजण्याच्या कक्षातून सुरुवात करणारा चाळिशीतला गृहस्थ ऑफिसातून थेट येऊन, अंग न हलवता, पूर्ण ताकदीने पहिली किक मारणार आणि मांडीचा मागचा स्नायू धरून खाली बसणार. ‘हा खेळ शेवटी ठेवू’ अशी सोय फिरत्या मांडणीत नसते. तेव्हा एक तर सगळ्या तीस जणांना मधल्या पट्ट्यात आठ मिनिटे एकत्र व्यायाम द्या आणि त्यातच नियम सांगून टाका, किंवा गरम झाल्याशिवाय खेळता येणार नाही असा खेळच ठेवू नका. मी म्हणेन, दोन्ही करा.

याच कारणाने एका खेळात शिकलेले पुढच्या खेळात लागेल, अशी चढती रचनाही इथे जमणार नाही. प्रत्येक कक्षाचा नियम दारावरच्या एका चित्रात समजला पाहिजे.

हेडिंग कृपया काढून टाका. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षे व त्याखालील मुलांना हेडिंग करण्यास २०१५ मध्येच मनाई केली. तुमच्याकडे वाढदिवसाला येणारी बहुतेक मुले त्याच वयाची असतील आणि ‘फक्त मोठ्यांसाठी’ ही पाटी कोण वाचतो?

उद्यमनगर_फॅब्रिकेशन

ताईंशी सहमत. आता थोडे लोखंडाचे बोलतो, कारण आमचा धंदाच तो आहे.

पत्र्याच्या शेडमध्ये चेंडू पत्र्यावर आपटला की आतल्या माणसाला शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. शिट्टी तुमच्या नव्हे, कोणाच्याच उपयोगाची नाही. पत्र्याच्या आत हात-सव्वा हात जागा सोडून नायलॉनचे जाळे टांगा आणि ते ताणू नका, ढिले सोडा. ताणलेले जाळे चेंडू परत फेकते, ढिले जाळे चेंडू गिळते. छतालाही जाळे हवे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात दिवे फुटतील. कक्ष आणि मधला पट्टा यांच्यात जमिनीलगत वीतभर उंचीची फळी लावा. पट्ट्यात घरंगळत आलेल्या चेंडूवर पाय पडून माणूस जितका आपटतो तितका खेळताना आपटत नाही. ही फळी मात्र पिवळी रंगवा, नाहीतर तिच्यावरच अडखळतील. लहान गोलाचे सुटे सांगाडे आणणार असाल तर ते जमिनीत बोल्टने आवळल्याशिवाय एक दिवसही वापरू नका, कारण पोरे त्याला लोंबकळतात आणि सांगाडा पुढे येतो.

वेगमापक यंत्र बाजूला बसवलेले मी पाहिले आहे. चेंडूच्या रेषेशी ते २० अंश तिरके असेल तर वेग सहा टक्के कमी दाखवते, म्हणजे ८० ची किक ७५ दिसते, आणि मग काउंटरवर भांडण होते. बसवायचेच असेल तर जाळ्याच्या मागे, किकच्या सरळ रेषेत बसवा.

पंचगंगातीर

वेग मोजण्याचा खेळ स्पर्धेतून काढला. बाहेर पडताना ज्याला हौस असेल त्याने एक किक मारावी, गुणांशी संबंध नाही. हेडिंगही रद्द. त्या दोन जागी पाच जणांनी वर्तुळात चेंडू हवेत ठेवण्याचा खेळ आणि फुटगोल्फ, म्हणजे गोल्फसारखा पायाने चेंडू भोकात घालण्याचा खेळ, घेतो आहे. फुटगोल्फचे मैदानावरचे भोक २१ इंची असते. इथे अंतर कमी असल्यामुळे मी ते लहान करणार आहे.

ड्रिब्लिंग असे बदलले. दोघे चेंडू घेऊन दोन समांतर मार्गांवर सुटतात आणि उरलेले तिघे समोरच्या लाकडी भिंतीवर आपापसांत पास खेळतात. त्यांचे पाच पास पूर्ण झाले की मार्गातले फाटक उघडते. आता उभे राहायला कोणालाच सवड नाही आणि वेगवान पोराला पास खेळणाऱ्या हळू माणसावर अवलंबून राहावे लागते, हे मला विशेष आवडले.

चेंडू सगळीकडे फुटसालचेच, म्हणजे बंद जागेतल्या छोट्या फुटबॉलचे. दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटरच उसळावा असा त्याचा नियमच आहे, त्यामुळे बंद जागेत तो हातात, म्हणजे पायात राहतो. प्रत्येक कक्षाचे चेंडू त्याच कक्षात राहतील, संघासोबत फिरणार नाहीत.

एक शंका उरते. सगळे संघ एकाच दिशेने सरकले तर माझ्या पुढचा संघ शेवटपर्यंत तोच राहतो. तो रेंगाळणारा निघाला तर पाचही बदलांना माझेच नुकसान. हे टाळता येईल का?

हिशेबनीस

कागदावर टाळता येते. संघ सम संख्येत असतील तर असा क्रम मांडता येतो की प्रत्येक कक्षात प्रत्येक संघ एकदाच जातो आणि कोणत्याही संघाच्या लगेच मागे दुसरा कोणताही संघ एकदाच येतो. मी सहासाठी तो मांडून पाहिला. अडचण अशी की दर बदलाला तीस माणसे मधल्या पट्ट्यात आडवीतिडवी एकमेकांना ओलांडतात आणि पुढे कुठे जायचे हे प्रत्येक वेळी वेगळे असते. शाहूपुरीत नव्याने आलेल्या पाहुण्याला पत्ता सांगावा तसे प्रत्येक संघाला सांगावे लागेल. त्यापेक्षा एकाच दिशेने ‘उजवीकडच्या दारात’ सरकणे बरे. रेंगाळण्यावर उपाय म्हणजे वेळ संपताच गुण मोजणारे यंत्र बंद होणे. ज्याचे गुण वाढत नाहीत तो आपोआप निघतो.

खेळ सहा मिनिटांचा आणि बदल दोन मिनिटांचा धरा. सहा फेऱ्यांचे ४८, ताईंची आठ आणि निकालाची चार, असा बरोबर एक तास होतो.

गुणांचे आता सांगतो, कारण इथे बहुतेक जण गोंधळ घालतात. समजा पासच्या भिंतीवर संघांचे गुण ३० ते ४५ पडतात आणि टोरवांडवर २ ते ९. थेट बेरीज केली तर पंधरा गुणांची तफावत असलेली भिंत सात गुणांच्या फळीपेक्षा दुपटीने भारी ठरते, आणि फळीवर कोणी कितीही चमत्कार केला तरी निकाल भिंतच लावते. क्रमांकानुसार गुण दिले तर वेगळाच घोळ होतो: पहिल्या फेरीत फळीवर खेळून पहिला आलेला संघ पुढच्या पाच फेऱ्या काहीही न करता तिथे घसरत राहतो आणि तक्त्याकडे बघून चिडतो. डेकॅथ्लॉनमध्ये, म्हणजे धावणे, उड्या, फेकी अशा दहा प्रकारांच्या स्पर्धेत, प्रत्येक प्रकाराचे गुण आधी ठरलेल्या सूत्रावरून मिळतात, दुसऱ्याने काय केले याच्याशी त्याचा संबंध नसतो. तुम्हीही प्रत्येक खेळासाठी शंभरपैकी गुणांचा एक तक्ता तयार करा. मात्र तो टेबलाशी बसून करू नका. दोन-तीनशे लोक खेळवा, सरासरी जुळवा आणि तफावतही जुळवा.

सात_नंबर_जर्सी

तक्ता मान्य. पण तालमीची पाच पोरे आणि एखादे कुटुंब एकाच तासात आले तर कुटुंबाचे काय होणार? माझे मत असे की किक जर्सीच्या क्रमानेच मारावी, म्हणजे सगळ्या किका एकच पठ्ठ्या मारणार नाही. आणि जे क्लबकडून खेळतात त्यांनी टोरवांडवर उलट्या, म्हणजे सवयीच्या नसलेल्या, पायाने मारावे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव ज्या गावचा आहे, तिथे ‘मी क्लबचा नाही’ असे खोटे सांगणारा निघणार नाही. उलट नसलेलेही सांगतील.

पंचगंगातीर

काल शेडमध्येच दुसरा प्रयोग केला. टोरवांड प्लायवूडची करून पाच मीटरवर रेघ मारली होती. बदलाला बहुतेक वेळा दोन मिनिटांपेक्षा कमीच वेळ लागला. उलट्या पायाचा नियम लागू केल्यावर तालमीच्या पोरांचे आणि शेजारच्या कुटुंबाचे फळीवरचे गुण अगदी खेटून आले.

एक प्रसंग मात्र आराखड्यात नव्हता. त्या कुटुंबातले आजोबा बूट न घालता कोल्हापुरी चपलेनेच उभे राहिले. जर्सीच्या क्रमाने त्यांची पाळी आली, त्यांनी दोन पावले मागे घेतली, उजवा पाय झोकला. चेंडू फळीच्या कडेला लागून परत आला आणि चप्पल वरच्या भोकातून आरपार गेली. नातवंडांनी गुण मागितले. गुण लिहिणाऱ्या पोराने माझ्याकडे पाहिले, मी दुसरीकडे पाहिले. त्या फेरीचा तक्ता आता बिघडला आहे आणि दारात बंद बुटांची सक्ती, तसेच भाड्याने द्यायला सगळ्या मापांचे बूट, हे खर्चात वाढले आहे.

वेळ संपल्याची खूण म्हणून दिवे लाल-हिरवे करूनही पहिल्या दोन फेऱ्यांत कोणी वर पाहिले नाही, कारण सगळ्यांचे लक्ष चेंडूवर होते. आवाजाचेच काहीतरी करावे लागेल.

उद्यमनगर_फॅब्रिकेशन

आमच्या गल्लीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचा पाळीचा भोंगा माझ्याकडे पडून आहे. पूर्वी तो दोन गल्ल्यांत ऐकू जायचा. मोटर थ्री फेजची आहे, तुमच्या शेडमध्ये फाउंड्रीची जुनी लाइन अजून चालू असेल तर उद्या टेम्पोत घालून आणतो. फक्त तो पूर्ण आवाजात यायला चार-पाच सेकंद घेतो, तेवढे तुमच्या दोन मिनिटांतून वजा धरा.

हिशेबनीस

बदलातून नको, खेळातून वजा धरा. भोंगा वाजायला लागला की लोक शेवटची किक मारतातच. ती गुणांत धरणार की नाही, हे त्या दारावरच्या चित्रात आधीच काढून ठेवा.